फोर्स फीडबॅक बिघडलंय? व्हील उघडण्याआधी एवढं तपासा

रेसिंग गेमच्या व्हीलमधली मोटर गाडीवर येणारा जोर हाताला जाणवून देते, त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. अशा व्हीलबद्दल नवख्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "फोर्स फीडबॅक गेलं." खोदून विचारलं की त्या वाक्याआड निरनिराळे बिघाड निघतात. एकाचं व्हील फिरतं, गाडीही वळते, पण हाताला काही जाणवत नाही. दुसऱ्याचं व्हील मध्यावर परतायचं सोडून भलत्याच बाजूला ओढ घेतं. तिसऱ्याला गाडी सरळ ठेवायची तर व्हील जरासं डावीकडे धरावं लागतं. चौथ्याच्या व्हीलमधून खडखड येते आणि त्याला वाटतं, संपलंच आता. पहिल्या दोघांच्या बाबतीत दोष बऱ्याचदा संगणकात किंवा गेमच्या सेटिंगमध्ये असतो. त्यांनी व्हील उघडलं तर चांगली वस्तू मात्र बिघडेल.

उदाहरणासाठी मी लॉजिटेकचं जी२९ घेतो. हे आणि त्याचं एक्सबॉक्सवालं भावंड जी९२० अशी दोन्ही २०१५ साली आली आणि आजही नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या टेबलावर तीच जास्त दिसतात. २०२० साली आलेल्या जी९२३ची यंत्रणाही त्याच वळणाची आहे. पट्ट्यावर चालणारं थ्रस्टमास्टर टी३०० किंवा थेट मोटरवर बसलेली डायरेक्ट ड्राइव्ह व्हील्स जिथे वेगळी वागतात, तिथे तसं सांगेन.

आत काय चालतं, थोडक्यात

गाडीच्या पुढच्या टायरवर किती जोर येतोय याचा हिशेब गेम करतो. तो आकडा ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधून, यूएसबी केबलमधून व्हीलच्या सर्किट बोर्डावर पोचतो. बोर्ड मोटरला तेवढी वीज देतो. जी२९ मध्ये अशा दोन मोटरी असतात. त्यांचा जोर दातेरी गिअरमधून व्हीलच्या दांड्यावर आणि तिथून तुमच्या हातात येतो. उलट दिशेने, व्हील किती फिरलं हे सेन्सर मोजतो आणि गेमला कळवतो.

म्हणजे वाटा दोन आहेत: जोर येण्याची आणि कोन जाण्याची. गाडी वळतेय पण जोर नाही, तर कोनाची वाट शाबूत आहे. जोर आहे पण मध्य चुकलाय, तर जोराची वाट शाबूत आहे. इतकं नक्की केलं तरी अर्धं काम होतं.

पायरी १: व्हीलची स्वतःची फिरकी पाहा

अडॅप्टर आणि यूएसबी दोन्ही जोडलं की जी२९ आपणहून एका टोकापर्यंत फिरतं, मग दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मध्यावर येऊन थांबतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. बहुतेक जण त्या वेळी पाणी प्यायला उठतात किंवा व्हीलवर हात टेकवून बसतात. दोन्ही करू नका. समोर बसा, हात मांडीवर ठेवा आणि पाहा.

ही फिरकी महत्त्वाची आहे, कारण तिचा गेमशी काहीएक संबंध नसतो. ती व्हीलच्या आतल्या बोर्डाच्या हुकमावर होते. गेमने जोर पाठवलेलाच नसतो, तरी मोटर फिरते, गिअर फिरतात, सेन्सर मोजतो. व्हील दोन्ही टोकांना जोमात गेलं आणि बरोबर मध्यावर थांबलं, तर वीजपुरवठा, मोटर, गिअर आणि सेन्सर या चौघांनी एकदमच हजेरी लावली. मग दोष पुढे, संगणकाच्या बाजूला शोधायचा.

फिरकी पाहताना या गोष्टी टिपून ठेवा. कागदावर लिहिलंत तर उत्तम, कारण पुढे दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

– व्हील हललंच नाही: पायरी २ वर जा.
– फिरलं, पण मध्येच अडलं, किंवा म्हाताऱ्यासारखं हळूहळू गेलं: आधी पायरी २, मग पायरी ५.
– पूर्ण फिरलं, पण थांबलं ते तिरकं: पायरी ४.
– सगळं झकास: पायरी ३.

टी३०० सुद्धा सुरू होताना अशीच फिरकी घेतं. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील्सचं वेगळं आहे. त्यांच्यात बहुधा यांत्रिक टोकच नसतं, त्यामुळे ती सुरू होताना अशी फिरत नाहीत. त्यांचा मध्य सॉफ्टवेअरमधून ठरवावा लागतो. फिरकी नाही म्हणून घाबरू नका.

आणखी एक, अगदी साधी चाचणी. दोन्ही वायरी काढा आणि व्हील हाताने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जी२९ची पूर्ण फिरत ९०० अंशांची आहे, म्हणजे अडीच फेरे. मध्यापासून प्रत्येक बाजूला सव्वा. गिअरचा आणि मोटरचा थोडा विरोध जाणवेल, पण तो सगळीकडे सारखा हवा. एखाद्याच जागी टक् असा झटका बसत असेल तर तो नेमका कुठे बसतो ते लक्षात ठेवा. पायरी ५ मध्ये त्याचा उपयोग आहे.

पायरी २: वीज आणि यूएसबी

जी२९चा अडॅप्टर २४ व्होल्टचा असतो. यूएसबीतून मिळणारी वीज बोर्डाला पुरते, मोटरला नाही. म्हणून अडॅप्टर मेला किंवा त्याची पिन ढिली झाली, तर संगणकाला व्हील दिसू शकतं, बटणंही चालू शकतात, आणि तरी जोर शून्य. "सगळं चालतंय, फक्त फोर्स फीडबॅक नाही" ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न अडॅप्टरबद्दल असतो.

आधी व्हीलच्या तळाशी जिथे अडॅप्टरची पिन जाते, तिथे ती पूर्ण आत बसली आहे का पाहा. वायर तिथल्या खोबणीतून बाहेर येते आणि टेबलाच्या कडेवर दाबली जाते, त्यामुळे तिचा वाक हळूहळू तुटतो. वायर हलवताना व्हील बंद-चालू होत असेल तर कारण सापडलं.

मल्टीमीटर असेल तर अडॅप्टरची पिन मोजा. साध्या पिवळ्या मल्टीमीटरची फिरती खुंटी डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा. २० वर ठेवलात तर २४ हा आकडा त्यात मावत नाही, आणि मीटरवर दिसणारं चिन्ह पाहून लोक अडॅप्टर गेला असं ठरवून मोकळे होतात. लाल-काळ्या टोकांपैकी एक पिनच्या आत, एक बाहेर. २४ च्या जवळपास आकडा आला पाहिजे.

पण एवढ्यावर अडॅप्टरला निर्दोष ठरवू नका. थकलेला अडॅप्टर रिकामा असताना २४ व्होल्ट दाखवतो आणि मोटरने जोर मागितला की खाली बसतो. त्याची खूण अशी: हळू चालवताना सगळं ठीक, पण भिंतीवर आदळलात किंवा कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेलात की व्हील क्षणभर मेल्यासारखं होतं आणि पुन्हा फिरकी घ्यायला लागतं. असं होत असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा अडॅप्टर लावून पाहणं हीच खात्रीची चाचणी. पिन बसते म्हणून एलईडी पट्टीचा १२ व्होल्टचा किंवा लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. व्होल्ट तेवढेच, अँपियर मूळ अडॅप्टरएवढे किंवा जास्त, आणि पिनवरची अधिक-उणे बाजू तीच, हे तिन्ही लेबलवर जुळलं पाहिजे.

यूएसबीचं थोडक्यात. हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट जोडा. खेळताना विंडोजचा "टुडुंग" आवाज येऊन व्हील जातं आणि परत येतं, तर केबल किंवा पोर्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तिची खूण काढा. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. लॅपटॉपवर याने बऱ्याच जणांचं काम होतं.

जी२९ वर प्लेस्टेशनसाठी एक सरकता स्विचही आहे. पीसीवर व्हील ओळखलं जात नसेल तर तो पीएस३ च्या बाजूला सरकवून पुन्हा जोडून पाहा. पीएस४ किंवा पीएस५ वर खेळत असाल तर तो पीएस४ वर हवा.

पायरी ३: फिरकी ठीक, पण गेममध्ये जोर नाही

हा सगळ्यात मोठा गट, आणि इथे स्क्रूड्रायव्हरचं काहीच काम नाही.

सुरुवात विंडोजपासून करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि उघडलेल्या खिडकीत जे, ओ, वाय, डॉट, सी, पी, एल ही अक्षरं सलग टाइप करा. गेम कंट्रोलरची यादी उघडेल. त्यात व्हीलचं नाव निवडून गुणधर्म उघडा. व्हील फिरवलं की तिथली खूण हलते का, पेडल दाबली की पट्ट्या भरतात का, हे दिसेल. नाव दिसतच नसेल तर गेमला दोष देण्यात अर्थ नाही, पायरी २ पुन्हा करा. नाव भलतंच, नुसतं "यूएसबी गेम कंट्रोलर" असं दिसत असेल तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही.

लॉजिटेकच्या बाबतीत इथे एक नेहमीचा गुंता आहे. जुनं लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअर आणि नवं जी हब, दोन्ही एकाच संगणकावर असतात. दोघंही व्हीलवर हक्क सांगतात. दोन्ही काढा, संगणक रीस्टार्ट करा, जी हब एकटंच बसवा आणि व्हील त्यानंतर जोडा. जी हबमध्ये ऑपरेटिंग रेंज ९०० ठेवा. सेंटरिंग स्प्रिंगचा पर्याय सुरुवातीला बंद ठेवा. ज्या गेममध्ये फोर्स फीडबॅकच नाही त्यांच्यासाठी तो कृत्रिम स्प्रिंग आहे; खऱ्या सिम्युलेटरमध्ये तो चालू राहिला तर रस्त्याचा बारीक तपशील त्याच्याखाली दबून जातो आणि माणसाला वाटतं व्हील आखडलंय.

मग गेमकडे वळा. इथे तीन जागा तपासायच्या.

पहिली, स्टीम, म्हणजे पीसीवर गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं ॲप. गेमच्या गुणधर्मांत कंट्रोलरचा विभाग असतो, तिथलं स्टीम इनपुट त्या गेमपुरतं बंद करा. स्टीम इनपुट व्हीलला साध्या गेमपॅडचं सोंग देऊ शकतं, आणि गेमपॅडला फोर्स फीडबॅक कुठून येणार?

दुसरी, उपकरणांची गर्दी. हँडब्रेक, वेगळा शिफ्टर, शेजारी पडलेला एक्सबॉक्सचा कंट्रोलर, हे सगळं जोडलेलं असेल तर काही गेम जोराचा सिग्नल भलत्याच उपकरणाला पाठवतात. व्हील सोडून सगळं काढा, गेम नव्याने सुरू करा. जोर परत आला तर एकेक वस्तू परत जोडत जा. गेम चालू असताना ऑल्ट आणि टॅब दाबून बाहेर गेलात आणि परतल्यावर जोर गेला, असंही होतं. तेव्हा गेम बंद करून परत चालू करणं हाच सोपा उपाय.

तिसरी, आकडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण "जोर नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींनी जोर खरं तर फार वाढवून ठेवलेला असतो.

व्हीलची मोटर एका मर्यादेपलीकडे जोर देऊ शकत नाही. जी२९ साधारण २ न्यूटन मीटरच्या (फिरवण्याच्या जोराचं माप) आसपास थकतं. गेममध्ये गेन, म्हणजे किती जोर पाठवायचा तो आकडा, खूप वाढवला तर हलकं वळण आणि जोरदार वळण दोन्ही त्या मर्यादेला जाऊन धडकतात. हाताला सगळीकडे एकसारखा जडपणा लागतो, तपशील गायब होतो. याला क्लिपिंग म्हणतात. असेटो कोर्सा या गेममध्ये पेडल्स नावाची छोटी खिडकी उघडता येते. तिच्यात जोराची एक पट्टी असते आणि क्लिपिंग झालं की ती लाल होते. वेगवान वळणात ती अधूनमधून लाल झाली तर हरकत नाही. सतत लाल राहत असेल तर गेन उतरवा. गंमत अशी की गेन कमी केल्यावर व्हील "जास्त" बोलतं.

उलट टोकाला, मध्याच्या आजूबाजूला व्हील मेल्यासारखं वाटतं ही जी२९ घराण्याची जन्मजात सवय आहे. गिअरमध्ये दातांची थोडी मोकळीक असते आणि घर्षणही असतं. अगदी बारीक जोर त्यातच जिरून जातो. त्यावर उपाय म्हणून आयरेसिंगसारख्या गेममध्ये मिनिमम फोर्स नावाचा पर्याय असतो. तो शून्यापासून थोडा थोडा वाढवत न्या. सरळ रस्त्यावर हात सैल सोडल्यावर व्हील थरथरायला लागलं की एक पाऊल मागे या. हे व्हीलच्या स्वभावाला जुळवून घेणं आहे. त्यासाठी सर्व्हिस सेंटरची पायरी चढू नका.

नवख्यांना फसवणारी अजून एक गोष्ट. वळणात व्हील जड होत जातं आणि अचानक हलकं पडतं. बिघाड? नाही. पुढच्या टायरची पकड सुटली की व्हीलला मध्यावर आणणारा जोरच ओसरतो, खऱ्या गाडीतही असंच होतं. गाडी आत न वळता सरळ बाहेर जायला लागते तेव्हाच हे होत असेल, तर फोर्स फीडबॅक आपलं काम चोख करतंय. उशिरा ब्रेक मारताय, एवढंच.

आणि ती उलटी ओढ. ३०-४० किलोमीटरच्या वेगाने सरळ रस्त्यावर चला, व्हील थोडं डावीकडे वळवा आणि पकड सैल करा. ते मध्याकडे परतलं पाहिजे. परतायच्या ऐवजी ते आणखी डावीकडे पळत टोकाला जाऊन आदळत असेल, तर जोराची दिशा उलटी झाली आहे. गेमच्या फोर्स फीडबॅकच्या पानावर इन्व्हर्ट असा पर्याय शोधा आणि पालटा. तो नसेल तर गेममधलं व्हीलचं प्रोफाइल पुसून पुन्हा नेमून द्या. यात मोटरचा काही दोष नसतो. मात्र चाचणी करताना अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नका, डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर अजिबात नाही.

हात सोडल्यावर व्हील डावी-उजवीकडे झुलत राहतं हीदेखील बिघाडाची खूण नाही. सिग्नल जायला-यायला लागणाऱ्या उशिरामुळे तसं होतं. हात ठेवला की थांबतं. नाहीच थांबलं तर गेन कमी करा किंवा डॅम्पिंग (व्हीलच्या हालचालीला आवर घालणारी सेटिंग) थोडं वाढवा.

इतकं करून एका गेममध्ये जोर आहे आणि दुसऱ्यात नाही, तर व्हील ठीक आहे. तुलनेसाठी दोन गेम हाताशी ठेवाच.

पायरी ४: मध्य चुकतो

आधी व्हीलची वायर काढून पुन्हा जोडा आणि फिरकी पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. टेबलाची कड, गुडघा किंवा लटकती केबल व्हीलला अडत नाही ना, तेही पाहा. फिरकीच्या वेळी एका टोकाला अडथळा आला तर व्हील ते खोटं टोक खरं मानतं आणि मध्य चुकीचा काढतं.

तरीही तिरकं असेल तर ही चाचणी करा. मघाची विंडोजची खिडकी उघडी ठेवा. व्हील डोळ्यांनी सरळ करा आणि खूण कुठे आहे ते पाहा. आता व्हील झटक्यात पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, असं काही वेळा फिरवा आणि पुन्हा सरळ करा. दोन शक्यता आहेत.

चूक दरवेळी तेवढीच आहे, म्हणजे खूण नेहमी तितकीच एका बाजूला. मग मोजणी बरोबर आहे, सुरुवातीचा बिंदू चुकलाय. कॅलिब्रेशन, किंवा काढता येण्याजोगी रिंग (हातात धरायचा गोल भाग) असेल तर ती तिरकी बसवलेली असणं, ही कारणं.

चूक दरवेळी बदलते, वाढत जाते. मग मोजणी चुकतेय, आणि हा खरा बिघाड आहे. २००६ सालच्या जी२५ आणि नंतरच्या जी२७ मध्ये हा रोग प्रसिद्ध आहे. त्यांच्यात मोटरच्या दांड्यावर बारीक खाचा असलेली प्लास्टिकची एक चकती असते आणि प्रकाशाचा सेन्सर त्या खाचा मोजतो. कालांतराने चकतीच्या मधल्या भागाला तडा जातो, ती दांड्यावर घसरते. मोटर फिरते पण चकती तेवढी फिरत नाही, आणि हिशेब बिघडतो. जुनं जी२७ स्वस्तात विकायला असेल तर ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. उपाय म्हणजे चकती बदलणं. तिच्यासाठी धातूच्या चकत्याही मिळतात. फेविक्विकचा थेंब काही काळ चालतो, पण तो खाचांपर्यंत ओघळला की चकती कायमची वाया जाते. मॉडेल कुठलंही असो, मध्य सरकत जात असेल तर पहिला संशय सेन्सर आणि दांड्याच्या जोडावरच घ्यायचा.

पायरी ५: आवाज, अशक्तपणा, वास

जी२९ खडखडतं. कर्बवरून किंवा खराब रस्त्यावरून जाताना गिअरचे दात एकमेकांवर आपटतात, तो आवाज नेहमीचाच. घरचे वैतागतील, पण व्हील बिघडलेलं नाही.

काळजीचा आवाज वेगळा असतो: फिरताना ठरावीक जागी कट्, आणि त्या जागी व्हील घसरल्यासारखं वाटणं. वायरी काढून हाताने फिरवताना टिपलेली जागा आता आठवा. व्हीलच्या प्रत्येक पूर्ण फेऱ्याला झटका एकदाच बसत असेल तर व्हीलच्या दांड्यावरच्या मोठ्या गिअरचा दात गेला असण्याची शक्यता जास्त. एका फेऱ्यात तो सारख्या अंतराने अनेकदा बसत असेल तर मोटरवरचा छोटा गिअर, कारण तो व्हीलपेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरतो. व्हील न उघडता एवढं कळतं.

जोर निम्म्यावर आलाय असं वाटत असेल आणि फिरकीही मंद असेल, तर दोनपैकी एक मोटर थांबलेली असू शकते. तोवर अडॅप्टर नक्की तपासलेला असू द्या. दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. खूप वेळ खेळल्यावर जोर ओसरणं आणि थोड्या विश्रांतीनंतर परत येणं, हे तापण्याचं लक्षण. टी३०० सारख्या व्हीलमध्ये पंखा असतो. त्याच्या जाळीवरची धूळ साफ करा, मागे भिंत चिकटलेली असेल तर व्हील पुढे ओढा. गेन उतरवला तरी फरक पडतो.

जळकट वास आला तर लगेच दोन्ही वायरी काढा. त्यानंतर "एकदा लावून बघू" हा मोह आवरा. बोर्डावरचे मोटर चालवणारे भाग गेलेले असू शकतात, आणि पुन्हा वीज दिल्याने नुकसान पसरतं.

पेडल, घाईघाईने

पेडलला फोर्स फीडबॅक नसतं, पण तक्रार त्याच सुरात येते. जी२९च्या पेडलमध्ये पोटेन्शियोमीटर, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणारे भाग, असतात. त्यांच्यात धूळ गेली की पाय स्थिर असतानाही विंडोजच्या खिडकीतली पट्टी उड्या मारते. इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून पेडल बरंच पुढे-मागे करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, हे वरचेवर लागेल. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा इथे वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. तिन्ही पेडल एकदम गेली तर व्हीलमागचा नऊ पिनांचा कनेक्टर ढिला नाही ना पाहा. ब्रेक पूर्ण दाबला जात नाही ही तक्रार असेल तर आत मुद्दाम घातलेला रबराचा ठोकळा आहे. गेममध्ये ब्रेकचं कॅलिब्रेशन तुमच्या पायाच्या ताकदीप्रमाणे करा. गॅस आणि ब्रेक एकाच पट्टीवर हलत असतील तर जी हबमधला कम्बाइन्ड पेडल्स पर्याय बंद करा.

उघडायचंच असेल तर

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, बिल शोधा. टी३०० आणि त्याच्यासारख्या ज्या व्हीलमध्ये भिंतीतल्या प्लगची वायर थेट आत जाते, ती घरी उघडू नका. त्यांचा वीजपुरवठ्याचा भाग आतच असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज उरू शकतं. जी२९ला २४ व्होल्टच बाहेरून येतात, म्हणून नवख्याने हात घालायचा तर इथेच.

वायरी काढा. टेबलावर जुनी चादर पसरा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, आणि निघालेले स्क्रू कागदावर त्याच मांडणीत चिकटपट्टीने लावून ठेवा; लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू भलत्या जागी गेला तर प्लास्टिक फोडतो. रिंगकडे जाणाऱ्या बारीक वायरी ओढू नका. व्हील ठरावीक कोनात फिरवल्यावरच बटणं किंवा पॅडल शिफ्टर (व्हीलमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या) मरत असतील तर याच वायरी कुठेतरी तुटल्या आहेत.

आत काय पाहायचं: गिअरचे दात, त्यांच्यात अडकलेले प्लास्टिकचे तुकडे, मोटरचे सैल झालेले स्क्रू, बोर्डावर काळा पडलेला भाग. दोन्ही मोटरींचे कनेक्टर काढून मल्टीमीटरच्या ओहमच्या २०० वर एकेक मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकीत काहीच दिसत नसेल तर ती मोटर गेली. सुकलेलं जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं ग्रीस दातांवर पातळ लावा. गाडीच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस नको, आणि सेन्सरच्या आसपास तर कसलंच नको.

बोर्ड जळाला असेल तर तिथे थांबा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे भाग मिळतात आणि बोर्ड दुरुस्त करणारे कारागीरही भेटतात. त्यांच्यातल्या अनेकांनी गेमिंग व्हील पाहिलेलं नसतं. त्यांना "फोर्स फीडबॅक चालत नाही" असं सांगू नका. "२४ व्होल्टवर चालणाऱ्या दोन डीसी मोटरी, अडॅप्टर तपासलाय, मोटरींचा ओहम मोजलाय, बोर्डातून मोटरला वीज येत नाही" असं सांगा. हे वाक्य त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. अडॅप्टर आणि यूएसबी केबल सोबत न्या, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली.

जुनं व्हील घेताना

विकणाऱ्याच्या घरी जायचं आणि लॅपटॉप न्यायचा. वायरी काढून हाताने फिरवायचं, मग जोडून फिरकी पाहायची, मग विंडोजच्या खिडकीत मध्याची चाचणी आणि पेडलच्या पट्ट्या. शेवटी एखादा गेम लावून एक चक्कर. "अडॅप्टर हरवलाय, पण व्हील एकदम मस्त चालतं" असं कोणी म्हणत असेल तर ते कसं पाहिलं, हे विचारा. अडॅप्टरवरचं लेबल वाचा: २४ व्होल्ट आहेत का, व्हीलच्या कंपनीचा आहे का. आणि तुमच्याकडे प्लेस्टेशन असेल तर जी९२० घेऊ नका, एक्सबॉक्स असेल तर जी२९ घेऊ नका. पीसीवर दोन्ही चालतात.